गिटारीचा घडणारा कोण? — कारागिराच्या हातावरून जुन्या वाद्याची पारख



बैलबाजारात गेलेला जाणता शेतकरी विकणाऱ्याच्या बोलण्यावर विसंबत नाही. तो बैलाच्या तोंडात पाहतो. दात किती आले, खूर कसे आहेत, मानेवर जुवाचा घट्टा पडला आहे की नाही, हे पाहून तो जनावराचे वय आणि त्याने केलेले काम ठरवतो. जुन्या वाद्यांची पारखही अशीच असते. वाद्यावर नाव कोणाचेही चिकटवता येते, पण लाकडात उमटलेला हात लपवता येत नाही. हाताने घडवलेली जुनी गिटार पाहून तिचा घडणारा कारागीर कसा ओळखतात, हे आज आपण पाहणार आहोत.

गिटार आता खेड्यापाड्यातही कोणाला नवी राहिलेली नाही. पण आपण बोलणार आहोत ती विजेची गिटार नव्हे, किंवा पोलादी तारांची कारखानी गिटारही नव्हे. ही स्पेन देशाची जुन्या घडणीची गिटार. पातळ लाकडाची पोकळ पेटी, लांब मान आणि सहा तारा. या तारा पूर्वी आतड्याच्या तातीच्या असत, आणि खर्जाच्या तारा रेशमावर धातूची बारीक तार गुंडाळून केलेल्या असत. नायलॉनच्या तारा दुसऱ्या महायुद्धानंतर आल्या. वाद्याच्या भागांना आपण सतारीच्या कारखान्यातलीच नावे देऊ. पुढची फळी ती तबली, तारा टेकतात ती घोडी, मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी म्हणजे मेरू, आणि बोटे दाबायचे ते पडदे.

आता पहिला प्रश्न. गिटारीच्या पेटीत, आवाजाच्या गोल भोकातून दिसेल असा कागद चिकटवलेला असतो. त्यावर कारागिराचे नाव, गाव आणि साल असते. मग एवढी यातायात कशाला? कागद वाचला की झाले!

तसे होत नाही, मंडळी. कागद हा वाद्यातला सर्वांत बदलता भाग. तो वाफेने सुटतो, खळीने चिकटतो. मोठ्या कारागिराच्या नावाला मोठी किंमत येते, आणि किंमत आली की खोटे कागदही येतात. शिवाय कागद खरा असला तरी तो नेहमी हाताचे नाव सांगतो असे नाही; पुष्कळदा तो दुकानाच्या धन्याचे नाव सांगतो. एक प्रसिद्ध उदाहरण घ्या. आंद्रेस सेगोव्हिया हा विसाव्या शतकातला जगप्रसिद्ध गिटारवादक. माद्रिदच्या मान्युएल रामिरेस याच्या कारखान्यात १९१२ साली झालेली गिटार त्याने १९३७ पर्यंत वाजवली. ती आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. नाव रामिरेसचे, पण त्या वेळी त्याच्याकडे कामाला असलेला सांतोस एर्नांदेस या कसबी कारागिराचा हात तिच्यावर फिरला आहे, असे जाणकार मानतात. कागद खोटा नाही, पण पुरताही नाही. ज्याने रात्रंदिवस रंधा मारला त्याचे नाव कागदावर नसेल, तर ते लाकडातच शोधावे लागते.

ही पारख नीट समजण्यासाठी आपण एकच कारागीर डोळ्यांसमोर ठेवू. त्याचे नाव आंतोनिओ दे तोरेस. आजच्या शास्त्रीय गिटारीचा आकार आणि घडण बव्हंशी त्याच्या हातून ठरली, असे मानले जाते. दक्षिण स्पेनमध्ये आल्मेरिया शहराजवळच्या एका लहान वस्तीत १८१७ साली त्याचा जन्म झाला. बारा वर्षांचा असताना तो सुताराच्या हाताखाली लागला. म्हणजे मूळचा हा सुतार. पहिली बायको क्षयाने गेली. पुढे तो सेव्हिल शहरी गेला आणि तेथे गिटारी करू लागला. हुलियान आर्कास नावाच्या वादकाने त्याला या कामी उत्तेजन दिले. १८५८ साली सेव्हिलच्या प्रदर्शनात त्याच्या गिटारीला कांस्यपदक मिळाले.

एवढा नावाजलेला कारागीर, पण धंद्यात पैसा नव्हता. १८७० च्या सुमारास तो आल्मेरियाला परतला आणि त्याने चिनीमातीच्या व काचेच्या भांड्यांचे दुकान टाकले! काही वर्षे गिटारी जवळजवळ बंदच होत्या. १८७५ च्या सुमारास त्याने पुन्हा हत्यारे हातात घेतली आणि १८९२ मध्ये मरेपर्यंत तो काम करीत राहिला. म्हणून त्याच्या कामाचे दोन काळ मानतात. दुसऱ्या काळातल्या कागदांवर त्याने स्वतःच ‘दुसरा काळ’ असे छापून क्रमांक घातले. पहिल्या काळात क्रमांक नव्हते, आणि काही गिटारींत तर कागदच सापडत नाही. होसे रोमानिलोस या स्पॅनिश गिटारकारागिराने अनेक वर्षे खपून तोरेसच्या गिटारींची मोजमापे घेतली आणि १९८७ साली त्याच्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. एका कारागिराची पारख दुसऱ्या कारागिरानेच केली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता आपण एक जुनी गिटार समोर ठेवू. तिच्यात कागद नाही, किंवा आहे पण भरवसा नाही. सुरुवात कुठून करायची?

प्रथम लांबून पाहायचे. आकार आणि मापे. अठराव्या शतकापर्यंतच्या गिटारींना तारांच्या जोड्या असत, आधी पाच, मग स्पेनमध्ये सहा. १८०० च्या सुमारास जोड्या जाऊन सहा एकेरी तारा रूढ झाल्या. त्या वेळची गिटार अंगाने बारीक होती; खालचा फुगीर भाग तीस सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. तोरेसच्या मोठ्या गिटारीत हाच भाग छत्तीस सेंटिमीटरच्या आसपास भरतो, आणि मेरूपासून घोडीपर्यंत तारेची लांबी साधारण ६५ सेंटिमीटर. हीच लांबी आज बहुतेक शास्त्रीय गिटारींना असते. तेव्हा कागदावर १८१० साल आणि अंग मात्र थोराड, असे दिसले की तिथेच मनात पाल चुकचुकली पाहिजे.

मग वाद्याचे डोके पाहायचे. प्रत्येक कारागिराची डोक्याची घडण ठरलेली असते. व्हिएन्नाच्या श्टाउफरने सहाही खुंट्या एका बाजूला बसवल्या. तोरेसने डोक्याचा माथा तीन कमानींचा केला. पण सावध! ही कमान पुढे पुष्कळांनी उचलली. जे डोळ्यांना सहज दिसते त्याची नक्कल सहज होते. म्हणून बाहेरची खूण ही साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

तिसरी गोष्ट, लाकूड. चांगल्या गिटारीची तबली स्प्रूस या थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडाची असते. झाड दरवर्षी एक वलय वाढते, आणि फळी उभी चिरली की ती वलये सरळ बारीक रेघांसारखी दिसतात. एकच फळी मधून चिरून पुस्तकासारखी उघडतात आणि दोन अर्धे कडेला कड लावून जोडतात. पाठ आणि बाजू यांना पैसेवाला गिऱ्हाईक असेल तर ब्राझीलची शिसव, नसेल तर सायप्रसचे हलके, स्पेनमध्येच मिळणारे लाकूड. तोरेसच्या काही गिटारींची पाठ तीन किंवा चार तुकडे जोडून केलेली आहे. काहींच्या तबल्याही दोनहून अधिक तुकड्यांच्या आहेत. रुंद फळी परवडत नसे, तेव्हा हाताशी असलेल्या लाकडातून त्याने काम भागवले. पण सांधे असे की नखाला लागणार नाहीत. गरिबी तुकड्यांत दिसते आणि कसब सांध्यांत दिसते.

आता खरी पारख सुरू होते, ती पेटीच्या आत. भोकातून लहान आरसा आणि दिवा घालून आत पाहतात. आत काय दिसते?

पहिले म्हणजे मानेचा सांधा. स्पेनमधील कारागीर मान आधी घडवतो. तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खाचा कापतो आणि पेटीच्या बाजूच्या वाकवलेल्या पट्ट्यांची टोके त्या खाचांत बसवतो. म्हणजे मानेभोवतीच पेटी उभी राहते. इतर देशांत बहुधा पेटी वेगळी पुरी करून मग मान तिला जोडीत. सुतारकाम जाणणाऱ्याला आतून पाहताच कळते, आधी काय झाले आणि मागून काय झाले. कामाचा हा क्रम बाहेरून कोणाला दिसत नाही, म्हणून नकलाकार तिकडे दुर्लक्ष करतो आणि सापडतो.

दुसरे, तबलीच्या पोटाला चिकटवलेल्या काड्या. तबली मध्ये दोन-अडीच मिलिमीटर आणि कडेला त्याहूनही पातळ असते. सहा तारांचा ताण ती एकटी सोसणार नाही. पॅरिसचा लाकोत आणि त्याच्या परंपरेचे कारागीर आडव्या काड्या लावीत, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. स्पेनमध्ये काड्या पंख्यासारख्या पसरवीत. हा पंखा तोरेसने शोधला असे पुष्कळांना वाटते, ते खरे नाही. त्याच्या आधी कादिझ शहरातील पाखेस आणि बेनेदिद या कारागिरांच्या गिटारींत तो आहे. तोरेसने त्याला नीट बेत दिला: बहुधा सात काड्या, एका बिंदूकडे झुकलेल्या, आणि खालच्या अंगाला त्यांना आवळणाऱ्या दोन तिरप्या काड्या. तबली सपाट न ठेवता तिला किंचित फुगवटा दिला. त्यामुळे पातळ तबलीही ताण सोसते आणि मोकळेपणी कंप पावते.

तबलीला त्याने इतके महत्त्व का दिले, याची साक्ष बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात आहे. १८६२ साली तोरेसने एक गिटार केली. तिची तबली लाकडाची, पण पाठ आणि बाजू चक्क कागदी पुठ्ठ्याच्या! आवाजाचे मर्म तबलीत आहे, पाठीत नव्हे, हे त्याला करून दाखवायचे होते, असा या गिटारीचा अर्थ लावतात. शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला सांगण्याजोगा हा प्रयोग आहे. बाकीच्या भागांना स्वस्तातला माल लावून तबली तेवढी उत्तम ठेवली, म्हणजे परिणाम कोणामुळे होतो ते उघड झाले.

तिसरे, हत्यारांच्या खुणा. बाहेरून कारागीर घासून-पुसून पॉलिश करतो. आतून तितके करीत नाही, कारण आत कोण पाहणार? तिथे रंध्याचे पट्टे, पटाशीचा शेवटचा काप, खरवडणीच्या रेघा तशाच राहतात. काडीची टोके कोणी एका झटक्यात उतरती करतो, कोणी दोन कापांत. कोणी कडा गोल करतो, कोणी धारदार ठेवतो. तबली आणि बाजू यांच्या सांध्यात स्पेनचे कारागीर लाकडाचे लहान लहान ठोकळे एकेक करून सरसाने चिकटवतात. ते किती अंतरावर, कोणत्या मापाचे, ओळीत की वेडेवाकडे, यावरून हात ओळखू येतो. शिक्षकांना मुलांची वही नाव न पाहता ओळखता येते ना? अक्षराचे वळण जसे, तसे हत्याराचे वळण. माणूस ते विचार करून वळवीत नाही, म्हणून त्याची नक्कल करणे अवघड.

याच ठिकाणी कारखान्याचा माल उघडा पडतो. यंत्राच्या गोल करवतीचे कमानीसारखे ओरखडे, एकसारखे कापलेले ठोकळे, बाजूला प्लायवूडचे थर, ही हातकामाची लक्षणे नव्हेत. खुंट्यांच्या पट्टीला अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू असतील, तर ते १९३० नंतरचे. अर्थात स्क्रू मागून बदललेलेही असू शकतात.

चौथी गोष्ट, लकाकी. जुन्या गिटारींवर पुष्कळदा लाखेचे पॉलिश असे. लाख दारूच्या अर्कात विरघळवून कापडाच्या बोंडाने शेकडो हात द्यायचे. हेच आपल्याकडचे फ्रेंच पॉलिश. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर लाखेचा किडा पोसणारा आपला देश, आणि ही लाख भारतातून युरोपात जात असे. अतिनील दिव्याखाली लाख नारिंगी चमकते. विसाव्या शतकात फवाऱ्याने मारायची रासायनिक लॅकर आली. तिची चमक निराळी. म्हणून जुने म्हणून दाखवलेल्या वाद्यावर नवी लॅकर दिसली, तर एक तर ते वाद्य नवे आहे, नाही तर कोणी अडाणीपणाने जुने अंग खरवडून काढले आहे.

पाचवी कसोटी झाडाच्या वलयांची. पावसाळा चांगला तर वलय रुंद, वाईट तर अरुंद. थंड मुलखात हिवाळा-उन्हाळ्याचाही परिणाम होतो. एकाच प्रदेशातल्या झाडांत रुंद-अरुंदांचा क्रम जुळतो. तज्ज्ञांनी हे क्रम शतकानुशतके मागे जुळवून ठेवले आहेत. तबलीवरच्या रेघा मोजून त्या क्रमाशी ताडल्या, की शेवटचे वलय कोणत्या सालचे ते कळते. समजा ते १८९७ चे निघाले. मग १८९२ मध्ये वारलेल्या तोरेसने ही तबली केली असणे शक्य नाही, गोष्ट संपली. पण उलट पक्षी शेवटचे वलय १८५० चे निघाले, तर गिटार तोरेसचीच असे सिद्ध होत नाही. लाकूड पुढे कोणीही, कितीही वर्षांनी वापरले असेल. ही कसोटी खोट्याला बाहेर काढते, खऱ्याचे नाव मात्र सांगत नाही. नाव सांगण्यासाठी पुन्हा हाताकडेच यावे लागते.

यावरून शिक्षकांनी मुलांना एक पद्धत शिकवावी. फळ्यावर दोन रकाने करा. एकात सहज बदलणाऱ्या गोष्टी: कागद, तारा, खुंट्या, घोडीवरची हाडाची पट्टी, पॉलिश. दुसऱ्यात वाद्य मोडल्याशिवाय न बदलणाऱ्या गोष्टी: मानेचा सांधा, पेटीचा आकार, तबलीची जाडी, आतल्या काड्या, हत्यारांच्या खुणा. दोन्ही रकान्यांचा मेळ बसला तर उत्तम. न बसला तर दुसऱ्या रकान्यावर विश्वास ठेवा. आणि विसंगती दिसली की लगेच ‘लबाडी’ म्हणू नका. शंभर-दीडशे वर्षांत वाद्याची दुरुस्ती होतेच. दुरुस्तीने वाद्याचे आयुष्य वाढते. लबाडी तेव्हा, जेव्हा दुरुस्ती लपवून नाव पुढे केले जाते.

हातावरून पारख करतानाही घाई नको. म्हातारपणी तोरेस थकला, तेव्हा हुआन मार्तिनेस सिर्व्हेंत हा त्याचा पाद्री मित्र नाजूक कामात त्याला मदत करी. म्हणजे शेवटच्या काही खऱ्या गिटारींतही दुसरा हात असू शकतो. याच पाद्र्याने पुढे १९३१ मध्ये एका पत्रात आठवण लिहून ठेवली. तोरेसला कोणी त्याच्या विद्येचे गुपित विचारले, तेव्हा त्याने सांगितले की ते आपल्या बोटांच्या टोकांत आहे. तबलीची जाडी बोटांनी चाचपून ठरते, आणि ते कोणाच्या हवाली करता येण्याजोगे नाही. मंडळी, यात बढाई नाही. मडके भाजले की नाही हे टिचकी मारून सांगणाऱ्या कुंभाराला विचारा, तोही हेच सांगेल.

आता हे सारे स्पेनचे. आपला त्याच्याशी संबंध काय? एक संबंध लाकडाचा. ब्राझीलची शिसव दुर्मिळ झाली आणि १९९२ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधने आली. तेव्हापासून आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या जंगलांत होणारी काळी शिसव जगभरच्या गिटारींच्या पाठीला अधिकच लागू लागली. तिची जपणूक ही म्हणून आपली जबाबदारी.

दुसरा संबंध आपल्या घरचा. मिरजेचे सतारमेकर हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. फरीदसाहेब यांच्यापासून एकोणिसाव्या शतकात त्यांनी तंबोरे व सतारी घडवायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, वर लाकडी तबली, आणि जवारी काढणारे कान. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनामुळे गावाचे नाव जपले जाईल. पण कोणता जुना तंबोरा कोणत्या हाताचा, हे जपण्यासाठी मात्र आत पाहणारी, मापे लिहून ठेवणारी माणसे लागतील. तोरेसला रोमानिलोस मिळाला, तेव्हा त्याचे काम नीट नोंदले गेले.

म्हणून शेवटी चार गोष्टी सांगतो. तुमच्या घरी, देवळात, चर्चमध्ये, शाळेच्या अडगळीत जुने तंतुवाद्य असेल, मग ते गिटार असो, सतार असो की तंबोरा, तर त्याला सँडपेपर लावू नका. नवे पॉलिश चढवू नका. आतला फाटका कागद काढून टाकू नका. खोटा असला तरी तोही पुरावाच आहे. तारा सैल करा, म्हणजे तबलीवरचा ताण कमी होईल. ओल आणि चुलीची धग या दोहोंपासून ते दूर ठेवा. सुटलेला तुकडा फेविकॉलने न चिकटवता डबीत घालून ठेवा. जुने सांधे सरसाचे असतात, ऊब आणि ओलावा देऊन ते पुन्हा उघडता येतात, पण नव्या गोंदाने बुजवलेला सांधा उघडताना लाकूडच फाटते. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, वाद्य कोठून आले, कोणी वाजवले, कोणी दुरुस्त केले, हे साल-तारखेसह वहीत लिहून ठेवा.

एवढे केलेत, तर उद्या कोणी जाणकार दिवा आणि आरसा घेऊन येईल तेव्हा त्याला आत वाचायला काही तरी शिल्लक असेल. एखाद्या विसरलेल्या सुताराचे नाव त्यातून परत मिळेल, आणि ते वाद्य भंगाराच्या भावाने जाण्यापासून वाचेल.